तांडेलकाका आणि परतीचं डिझेल

तांडेलकाकांशी माझं पहिलं भांडण किटलीवरून झालं. त्यांच्या घरी राहायला येऊन मला चार तासही झाले नव्हते. चहा करावा म्हणून मी किटली काठोकाठ भरली, बटण दाबलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "किती जण हायत चहाला?"

"मी एकटीच."

"मग आंघोळीचं पाणी तापवतेस काय गो?"

मी पुण्याची. असलं ऐकून गप्प बसायची आमच्यात पद्धत नाही. म्हटलं, "काका, किटलीभर पाण्यानं काय आभाळ कोसळणार आहे?" त्यांनी किटली उचलली, कपभर पाणी ठेवून बाकीचं सिंकमध्ये ओतलं, पुन्हा बटण दाबलं आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. पाणी उकळल्यावर "बघ" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मला फार राग आला होता. आता माझ्यासमोर कुणी एका कपासाठी किटली भरली तर मीच ओरडते.

२०२०चा मार्च होता. आयर्लंडमध्ये, गॉलवेत माझं एमएससी चालू होतं. कॉलेज बंद झालं, बरोबरच्या मुली मिळेल त्या विमानानं घरी पळाल्या आणि घरमालकाला घर रिकामं हवं होतं. मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, रोसाव्हील बंदराजवळ तांडेल म्हणून एक जण आहेत, बायको भारतात गेलीय, खोली देतील. सुमनकाकी फेब्रुवारीत हर्णैला गेल्या होत्या, मुलीच्या, प्राजक्ताच्या बाळंतपणासाठी. मेमध्ये परत येणार होत्या. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मी त्या घरात चौदा महिने काढले आणि काकींना फक्त फोनवर पाहिलं.

काका जातीचे कोळी, हर्णैचे. तरुणपणी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये होते. वीस वर्षांपूर्वी इथल्या एका ट्रॉलरचं इंजिन दुरुस्त करायला म्हणून आले आणि राहिलेच. बंदरावर त्यांना सगळे हॅरी म्हणत. हरिश्चंद्र म्हणायचा प्रयत्न एकदा पाद्रीबाबांनी केला होता, तो काकांनीच थांबवला. माणूस बुटका, काटक, साठीचा. डावा कान इंजिनांनी खाल्लेला. त्यामुळे त्यांची एक सवय होती: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला लावायचं, मूठ जबड्याला टेकवायची आणि डोळे मिटायचे. आवाज हाडातून ऐकायचा. आमच्या वॉशिंग मशीनलाही त्यांनी असं एकदा तपासलं आणि "हिला दोन वर्षं हायत अजून" असं जाहीर केलं.

पण बंदरावर त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. वीस-बावीस मीटरची, खोल समुद्रात आठवडाभर राहू शकणारी बोट घ्यायची म्हणजे इथल्या माणसाची आयुष्यभराची उडी. आणि बोट घेणं एकवेळ जमतं, तिला पाजणं जमत नाही. किती बोटी चांगल्या मासळीच्या वर्षीही डिझेलपायी धक्क्याला बांधून पडल्या, ते काका बोटांवर मोजून दाखवत. म्हणून जुनी बोट घ्यायच्या आधी लोक त्यांना बोलवत आणि विचारत, हॅरी, ही किती पिईल?

इंजिनाच्या माहितीपत्रकात तो आकडा असतो की, असं मी एकदा म्हणाले. मला वाटलं, आपण फार हुशारीचं बोललो.

"बाय, तो आकडा इंजिन टेबलावर ठेवून काढलेला हाय," ते म्हणाले. "टेबलावर लाट नसते. टेबलाला शेवाळ लागत नाय."

त्यांची रीत अशी. बोट कुठे जाणार, तिथवर किती तास, तिथे जाळं किती तास ओढणार, जाळं वर घेऊन मासळी साफ करताना इंजिन किती तास नुसतं फिरत राहणार, बर्फाच्या मशीनचा जनरेटर किती तास, धक्क्याला बांधल्यावर किती तास. सगळा हिशेब तासांचा. आणि हे तास ते कप्तानाला कधीच विचारायचे नाहीत. कप्तान खोटं बोलतो असं नव्हे, ते म्हणायचे, पण त्याला वाईट दिवस आठवत नाहीत. ते त्याच्या बायकोला विचारायचे. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोट जाताना बघते, येताना बघते, आणि तिला प्रत्येक ट्रिप पाठ असते.

डिझेलच्या बाबतीत तर कुणाच्याच शब्दावर विश्वास नाही. मालकाच्या नाही, कप्तानाच्या नाही, काचेतल्या काट्याच्याही नाही. निघताना स्वतः टाकीत दांडी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं, आल्यावर पुन्हा बुडवायची. एकदा केरीकडच्या एका विक्रेत्यानं बोट इतकी कमी पिते असं दाखवलं की घेणारा खूश होऊन पेढे वाटायच्या बेतात. काकांनी खाली वाकून बघितलं. तळ नुकताच घासून चकचकीत, मासळीचा खण रिकामा, पाण्याच्या टाक्या कोरड्या. ते शांतपणे म्हणाले, "बर्फ भरा. पाणी भरा. मग जाळं लावून ओढून दाखवा. उपाशी पोटानं कुणी पण पळतो." विक्रेत्याचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. काका मात्र हे सांगताना हसत नव्हते. त्यांना त्या माणसाची कीव आली होती.

त्यांचा स्वतःचा अंदाज फक्त एकदा सपशेल चुकला होता आणि ती गोष्ट ते आपणहून सांगायचे. मेयोतल्या एका कप्तानाला त्यांनी बोट निवडून दिली. सहा महिन्यांनी तो आला, म्हणाला, हॅरी, तू सांगितलंस त्याच्या कितीतरी वर जातंय. काकांना ते फार लागलं. ते स्वतः त्याच्याबरोबर एक अख्खी ट्रिप गेले. जाताना बोट ठरल्याप्रमाणे आठ नॉटनं गेली. येताना मात्र तो माणूस दहानं आला. आता आठावरून दहावर जायला तासाला जवळजवळ दुप्पट डिझेल लागतं, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. काकांनी विचारलं, बाबा रे, एवढी घाई कसली? तो म्हणाला, बायकोला मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी कासलबारला डायलिसिसला न्यावं लागतं. दुसऱ्या कुणी नेलेलं तिला आवडत नाही.

तेव्हापासून काकांच्या कागदावर शेवटी एक जास्तीची ओळ आली. परतीच्या तासांकडे बाण काढून तिथे नुसतं लिहायचे, 'घर'. आणि बोट घ्यायला आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच. तुझ्या घरी कोण आहे? नव्या माणसाला वाटायचं, काय चोंबडा म्हातारा आहे. पण तो प्रश्न इंजिनियरिंगचा होता. आई एकटी आहे का, मूल तान्हं आहे का, बायकोशी पटतं का, यावर हा माणूस परत येताना बोट कशी हाकणार ते ठरायचं, आणि पंधरा-सोळा तासांच्या परतीत तेवढ्यानं टाकीच्या टाकी इकडची तिकडे व्हायची.

मी त्यांना हे सगळं एक्सेलमध्ये बसवून दिलं. रंगीत रकाने, ग्राफ, सगळं. त्यांनी चष्मा लावून कौतुकानं बघितलं, "छान काढलंस हो," म्हणाले, आणि फ्रीजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीनं आपलं काम चालू ठेवलं.

काकींचा फोन रोज सकाळी सातला यायचा. तिकडे दुपार व्हायला आलेली असायची. फोन टेबलावर बरणीला टेकवून काका नाश्ता करायचे आणि पलीकडे काकी नातीला मांडीवर घेऊन मासे निवडायच्या. बोलणं असं फारसं नव्हतंच. "ती काय पापलेटं हायत?" "दिसत नाय काय?" एवढंच. मी दूध घ्यायला गेले की काकी विचारायच्या, "हा माणूस तुला इमर्शन लावू देतो काय गो? की गार पाण्यानं आंघोळ करवतो?" मे गेला. विमानं नव्हती. मग विमानं सुरू झाली, तर नात आजारी. मग गणपती, मग दिवाळी. मग इथे पुन्हा सगळं बंद झालं, घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, देशाबाहेर विनाकारण गेलात तर दंड. काका एक दिवस म्हणाले, "ती काय येत नाय. मीच जातो आणायला. शिमगा झाला की." एप्रिलच्या शेवटचं तिकीट काढलं. फ्रीजवर बोटीच्या कागदाशेजारी ते लावलं. मला त्या घरात वर्ष झालं होतं, पण त्यांना शीळ घालताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

निघायच्या आधी एक काम होतं, मार्टिनचं. मार्टिन म्हणजे चार घरं सोडून राहणारा कप्तान, ब्रीजचा नवरा. त्याची जुनी लाकडी बोट मोडीत निघाली होती आणि त्याच्यापुढे दोन लोखंडी बोटी होत्या. एक फ्रान्सची, मोठ्या इंजिनाची, देखणी. दुसरी स्कॉटलंडची, रुंद, मंद, म्हशीसारखी. पाण्याखालच्या पंख्याभोवती लोखंडी कडं असलेली. अशा कड्यानं जाळं ओढायला कमी डिझेल लागतं, पण बोट पळत नाही. मार्टिनचा जीव फ्रेंच बोटीवर. काकांनी त्याला विचारलं, घरी कोण आहे? मार्टिन हसला, तुला माहीत नाही का हॅरी, ब्रीज आहे आणि चार पोरं आहेत. तो गेल्यावर काका मला म्हणाले, "ह्याला पळणारी बोट देऊ नये. हा पळवणार. त्या दुसरीला नऊच्या वर जाताच येत नाय, तीच बरी." तरी अंदाजावर सांगायचं नाही, म्हणून दोन्ही बोटींवर एकेक ट्रिप करून यायचं ठरलं. फ्रेंच बोटीची झाली. स्कॉटिश बोटीची तीन दिवसांची ट्रिप गुरुवारी होती आणि काकांचं विमान पुढच्या बुधवारी.

त्या मंगळवारी सकाळी काकींनी फोनवर नातीला घेतलं नव्हतं. पडून बोलत होत्या. काकांनी विचारलं, काय झालं?

"काय नाय. जरा कणकण हाय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की. गोळ्या दिल्यात. बरी हाय मी. तुमचं ते बोटीचं उरकून घ्या आधी. त्या माणसाचं घरदार अडकलंय त्यात."

"खोकला?"

"नाय हो."

मी तिथेच टोस्टला लोणी लावत उभी होते. मला आठवतं, काका फोनकडे जरा वेळ बघत राहिले. मागे एकदा काकींचा हात मोडला होता आणि प्लॅस्टर निघाल्यावर त्यांनी ते काकांना सांगितलं होतं. ही गोष्ट मला काकांनीच हसत हसत सांगितली होती. म्हणजे काकी दुखणं लपवतात हे त्यांना ठाऊक होतं. प्राजक्ताला एक फोन केला असता तर कळलं असतं, की गोळ्या शेजारच्या मेडिकलमधून आणल्या आहेत आणि डॉक्टरला कुणी दाखवलेलं नाही. मला ते सुचलं. पण नवराबायकोच्या बोलण्यात आपण कशाला नाक खुपसा, असं वाटून मी गप्प राहिले. जिथे तिथे तोंड उघडणारी मी, त्या दिवशी गप्प राहिले. ते मला अजून सोडत नाही.

"बरं," काका म्हणाले. गुरुवारी पहाटे ते समुद्रावर गेले.

तिथे फोन लागत नाही. शनिवारी संध्याकाळी बोट धक्क्याला लागली आणि त्यांचा फोन खिशात वाजायला लागला तो थांबेचना. प्राजक्ताचे एकोणीस कॉल होते. आदल्या दिवशी तिनं मलाही केला होता, आणि बोटीला वायरलेसवरून निरोप पाठवायला मी बंदरावर पळालेही होते. निरोप मिळाल्यापासून मार्टिन त्या बोटीला जमेल तेवढं पळवत आला होता. ती नऊच्या वर जात नव्हती. काकींना रत्नागिरीला हलवलं होतं. ऑक्सिजन लावला होता.

तिकीट बदलून रविवारचं मिळालं. काकांनी चावी माझ्याकडे दिली आणि गाडी मी चालवली. वाटेत गार्डानं, म्हणजे इथल्या पोलिसानं, अडवलं. कुठे निघालात? काका म्हणाले, "घरी." त्यांच्या लायसन्सवर पत्ता रोसाव्हीलचा, आणि आम्ही तर डब्लिनकडे चाललेलो. गार्ड गोंधळला. मी सांगितलं, त्यांची बायको भारतात आजारी आहे. त्यानं टोपी काढली, "जा तुम्ही" म्हणाला. मी एकशेवीसनं गाडी काढली आणि काका एका शब्दानं बोलले नाहीत. एरवी नव्वदच्या वर गेलं की ते खोकायचे.

ॲथलोन गावाच्या जरा पुढे फोन आला. काकांनी डाव्या कानाला लावला. तो कान ऐकत नाही हे त्या घाईत त्यांच्या लक्षात आलं नाही. "काय? काय म्हणतेस प्राजू?" असं दोनदा म्हणाले. मग फोन उजवीकडे घेतला, ऐकला आणि मांडीवर उलटा ठेवला.

मी पेट्रोलपंपावर गाडी थांबवली. माणसं कॉफी घेऊन येत-जात होती. मी विचारलं, "काका, परत फिरायचं का?" तिकडे दोन तासांत सगळं उरकणार होतं. म्युनिसिपालिटीची माणसं येणार होती, प्राजक्तालाही जवळ जाऊ देणार नव्हते. काका पोचेपर्यंत काही उरणार नव्हतं.

"प्राजू एकटी हाय तिथे," ते म्हणाले. "चल."

नंतरच्या तासाभरात ते एकदाच बोलले. समोरच्या रस्त्याकडे बघत. "आख्ख्या बंदरात मी कुणाचं ऐकून घेतलं नाय. दांडी बुडवल्याशिवाय एकाचं नाय. हिचं घेतलं." मी रडत होते आणि गाडी चालवत होते. त्यांनी ग्लोव्ह बॉक्समधून टिश्यू काढून माझ्या मांडीवर ठेवला.

विमानतळावर उतरताना त्यांनी खिशातून घडी केलेला कागद दिला. मार्टिनसाठी. स्कॉटिश बोटीचे सगळे तास, सगळे आकडे, पेन्सिलीनं, शेवटच्या ओळीसकट पूर्ण. शनिवारी सगळं कळल्यानंतर बसून लिहिलेला. मार्टिननं तीच बोट घेतली आणि ती काकांच्या आकड्याबरहुकूम पिते, असं तो मला आजही कळवतो.

काका परत आले नाहीत. जूनमध्ये मी डब्लिनजवळ चेरीवूडच्या एका कंपनीत लागले, त्यांच्या घराची चावी ब्रीजकडे दिली आणि एका रविवारी दुपारी त्यांना व्हिडिओ कॉल केला. ते पडवीत बसले होते. दाढी वाढलेली. नात त्यांच्या पाठीवर चढत होती. मी नोकरीचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, मार्टिनचं सांगितलं. ते मान हलवत होते, पण लक्ष कुठे होतं कोण जाणे. मग त्यांनीच विचारलं.

"तुझी आई कशी हाय?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"कोणी सांगितलं?"

"आईनंच. सकाळी बोलले ना."

त्यांनी नातीला पाठीवरून उतरवून बाजूला बसवलं. फोन तोंडाजवळ आणला, इतका की मला फक्त त्यांचे डोळे दिसत होते.

"फोन ठेव," ते म्हणाले. "बापाला लाव. नायतर शेजारणीला लाव. आत्ता."

आणि त्यांनीच फोन कट केला.